काकांचे तीन ढीग

आधी माफी मागतो. आमच्या घरात किराणा मालाच्या यादीपलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि तिथेही मागच्या बाकावर बसणारा. एका माणसाबद्दल चार पानं लिहायची म्हणजे माझ्याकडून आगाऊपणाच होतो आहे. पण ज्यांच्याबद्दल लिहितोय ते स्वतः कधीच काही लिहिणार नव्हते. आणि गेल्या शुक्रवारी एक बातमी आली, तेव्हापासून मला गप्प बसवत नाही.

"पाठीला विचारलंस का?"

हे त्यांचं वाक्य. समोरच्यानं बॅगेत टाकायला काहीही उचललं, की काका डावा हात मागे नेऊन स्वतःच्या पाठीवर दोनदा थोपटत आणि हे विचारत. मग गिऱ्हाईक अरब असो, इंग्रज असो, नाहीतर माझी आई असो. भाषा बदलायची, थोपटणं तेच.

इथे आखातात, अल मनखूल भागातल्या आमच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर डोंगरात जाणाऱ्यांच्या सामानाचं एक दुकान होतं. तंबू, स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह, बूट असं सगळं. काका तिथे बॅगा भरून देत. तुम्ही म्हणाल, हे काय काम झालं? मलाही तसंच वाटलं होतं.

इथे शिकारीला बंदी आहे. त्यामुळे हौशी अरब मंडळी मध्य आशियातल्या डोंगरांत रानबोकडाच्या शिकारीला जात. तिथे खालच्या तळापर्यंत घोडे जातात. पुढे उभा चढ. तंबू, अंथरूण, जेवण सगळं ज्यानं त्यानं आपल्या पाठीवर न्यायचं. बंदूक तिथली माणसं देत, पण काका तिचं वजन इथेच धरत. साडेतीन किलोंचा एक लोखंडी पाइप त्यांनी त्यासाठी ठेवला होता. तो बॅगेला बांधून गिऱ्हाइकाला दुकानाच्या मागच्या जिन्यानं गच्चीपर्यंत चढायला लावत. चार मजले. बरेच जण दुसऱ्या मजल्यावर बसत आणि मग काकांचं ऐकू लागत.

काका लष्करात पंधरा वर्षं खेचरांबरोबर होते. बर्फातल्या चौक्यांवर सामान पोचवायचं. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, "खेचर शहाणं. जास्त झालं की जागचं हलत नाही. माणूस लाजतो आणि चालत राहतो."

त्यांची पद्धत सांगतो. जमिनीवर एक जुनी चादर पसरायची. गिऱ्हाइकानं आणलेलं सगळं सामान त्यावर ओतायचं. मग एकेक वस्तू हातात घेऊन तीन ढीग करायचे. पहिला गरजेचा, दुसरा भीतीचा, तिसरा लाजेचा. गरजेचा ढीग बॅगेत जाई. भीतीच्या ढिगातून दोनच वस्तू परत घ्यायची परवानगी. तीन टॉर्च आणणाऱ्याला एक मिळायचा. लाजेच्या ढिगात लोक काय म्हणतील म्हणून घेतलेलं सामान. इस्त्रीचे शर्ट, अत्तराची बाटली, महागड्या सुरीची लाकडी पेटी. तो ढीग ते पायानं सरकवत.

उरलेलं वजनासाठी त्यांच्या आकड्याच्या काट्याला लटकायचं. काका टूथब्रशचा दांडा अर्धा कापत. कपड्यांची लेबलं कात्रीनं काढत. मीठ आणि साखर कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्यांत भरत. जवळच्या फोटो स्टुडिओवाल्यानं हे डबे त्यांच्यासाठी साठवायला सुरुवात केली होती.

ते जेवायला आमच्याकडे येत. बाबांची मेस होती, घरातच, पंचवीस माणसांची. काकांना डोंगरासाठी हलकं जेवण हवं असायचं. टिनचे डबे त्यांना आवडत नसत. "पाणी भरलेलं पत्र्याचं ओझं," म्हणायचे. मग त्यांनी आईला कामाला लावलं. सातूचं पीठ, मेतकूट, फोडणी देऊन कोरडे केलेले पोहे, उकळतं पाणी ओतलं की होणारा उपमा. किती बड्या अरबांनी दूरदेशीच्या बर्फात मेतकूट-भात खाल्ला, याचा हिशोब फक्त माझ्या आईला माहीत आहे. आणि तिला तो सांगायला फार आवडतो.

मला ते "कॉलेज" म्हणत. "या कॉलेज, बसा." एकदा त्यांनी माझी कॉलेजची बॅग काट्याला लावली. नऊ किलो.

"रोज एवढे विषय असतात?"

"दोन-तीन असतात. पण सगळी पुस्तकं नेतो. कोणी काही विचारलं तर..."

"कोण विचारतं?"

वर्गातली बाकीची मुलं एक वही घेऊन येत. त्यांचे आईवडील शिकलेले होते. मला वाटायचं, एक पुस्तक कमी पडलं तर सगळ्यांना कळेल की मी चुकून इथे आलोय.

काकांनी सगळी पुस्तकं चादरीवर ओतली. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मला एकेक नाव वाचायला लावलं. सात पुस्तकं भीतीच्या ढिगात गेली. दुसऱ्या दिवशी मी दोन पुस्तकं घेऊन गेलो. कोणी काही विचारलं नाही.

आता खरी गोष्ट. दुकानाचे एक जुने गिऱ्हाईक होते. साठी ओलांडलेले अरब गृहस्थ, गुडघे दुखणारे, काकांशी हिंदीत बोलणारे. काका त्यांना अरबाब, म्हणजे मालक, म्हणत; ते काकांना रफीक, म्हणजे दोस्त. ते तीनदा शिकारीला जाऊन आले होते, पण तिन्ही वेळा खालच्या तळावरच बसून राहिले. वर मुलं गेली. या वेळी त्यांना स्वतः वर जायचं होतं. "एक बार, रफीक," ते म्हणाले होते. "फिर खलास. फिर कुर्सी पे बैठेगा."

जाण्याच्या आठवड्यात थोरला मुलगा बापाची बॅग घेऊन दुकानात आला. भरलेली होती. फक्त नीट बांधून द्या, म्हणाला. काकांनी काट्याला लावली. एकोणीस किलो.

मी त्यांचा डबा घेऊन गेलो होतो, म्हणून तिथे होतो. मुलगा गेल्यावर काकांनी चादर पसरली. घडीची खुर्ची. दोन स्लीपिंग बॅगा. टिनचे बारा डबे. औषधं खोक्यांसकट. तीन टॉर्च. सॅटेलाइट फोन, त्याच्या चामडी पेटीत. काकांनी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली.

"कॉलेज, ही बॅग न्यायला भरलेली नाही."

"मग?"

"थांबवायला भरली आहे. तिथल्या वाटाड्याचा नियम आहे, ज्याला आपली बॅग उचलता येत नाही त्यानं खाली थांबायचं. बापाला तोंडावर नको म्हणता येत नाही. म्हणून बॅगेकडून म्हणवतायत."

"त्यांना काळजी वाटत असेल."

"असेल ना. मग काळजी तोंडानं सांगावी. म्हाताऱ्याच्या पाठीवर कशाला बांधायची?"

आणि त्यांनी ढीग घालायला सुरुवात केली. औषधाची एकही गोळी त्यांनी कमी केली नाही. खोकी काढली, गोळ्या पुड्यांत बांधल्या, पुड्यांवर मला अरबी आकडे घालायला लावले. फोन गरजेत, फोनची पेटी लाजेत. खुर्ची त्यांनी उचलून थेट भिंतीला टेकवली. बंदूक सोडून बॅग साडेआठ किलोंवर आली.

दुसऱ्या दिवशी काट्यावर नऊ किलोंच्या वर भरली. काका चक्रावले. उघडून बघतात तो पुड्यांच्या खाली डबा, त्यात डिंकाचे आठ लाडू. आदल्या संध्याकाळी उपम्याची पाकिटं द्यायला आई दुकानात गेली होती, तेव्हा तिनं ते हळूच सारले होते. प्रवासाला निघालेल्या माणसाला लाडवांशिवाय पाठवायचं तिच्या हातून झालं नाही.

काका डबा घेऊन मेसमध्ये आले. "वहिनी, हे काय?"

"गुडघ्यांना डिंक चांगला असतो."

"पाठीला विचारलंत का?"

"तुम्ही गुडघ्यांना विचारलंत का?" आई म्हणाली आणि पोळी उलटायला वळली.

काकांनी एक लाडू खाल्ला, विचार केला, आणि परत जाऊन बॅगेतली दुसरी पँट बाहेर काढली. "लाडू गरजेत," मला म्हणाले. "पँट लाजेत." स्टीलचा डबाही काढला. सात लाडू कागदात बांधले.

निघायच्या आदल्या दिवशी थोरला मुलगा आला. भिंतीला टेकवलेली खुर्ची त्याला दारातूनच दिसली. तो मॅनेजरसाहेबांशी बोलला. मॅनेजर आपल्यातलेच, मराठी. ते काकांकडे आले आणि हसऱ्या चेहऱ्यानं, मुलाला कळू नये म्हणून मराठीत बोलले.

"अहो, नको तिथे कशाला शहाणपणा? सगळं परत भरा."

"नाही भरणार."

"गिऱ्हाईक आहे आपलं."

"गिऱ्हाईक त्याचा बाप आहे. तो आला नाही अजून."

"म्हाताऱ्याला काही झालं तर? कोण जबाबदार?"

"एकोणीस किलोंनी होईल ते साडेआठनं होणार नाही. आणि तो तळावर बसून राहिला, तर त्याला जे होईल त्याची जबाबदारी कोण घेतो?"

मॅनेजरसाहेबांचं हसू गेलं. "व्हिसा कोणाच्या हातात आहे, ठाऊक आहे ना? उद्या कॅन्सल करायला लागेल."

काकांनी आधी पाठीवर दोनदा थोपटलं. "करा की. माझी बॅग सात किलोंची आहे. अर्ध्या तासात निघतो."

मॅनेजरसाहेब माझ्याकडे वळले. "तू शिकलेला आहेस, तू सांग यांना काहीतरी."

वर्गात मला साधी हजेरी द्यायची तर दोनदा खाकरावं लागतं. पण मी म्हणालो, "काकांचं बरोबर आहे."

"तू जा कॉलेजला," ते म्हणाले.

तेवढ्यात अरबाब आले. "क्या हुआ, रफीक?"

काकांनी काही सांगितलं नाही. भिंतीजवळचं सामान मुलाच्या समोर एका रिकाम्या बॅगेत परत भरलं, कमी पडलेलं वजन दुकानातल्या वस्तूंनी भरून काढलं, काट्यावर पुन्हा एकोणीस किलो दाखवले आणि ती बॅग त्यांच्यापुढे ठेवली. शेजारी स्वतः भरलेली ठेवली, लोखंडी पाइप बांधून. "ये दोनों देखो, अरबाब. फिर जो बोलेगा वो."

अरबाबांनी खाली बसून पहिली बॅग खांद्याला लावली. अर्धे उठले, एक हात काउंटरवर गेला. खाली ठेवली. मग दुसरी पाठीवर घेतली. उभे राहिले. दुकानात एक फेरी मारली. मग मागचं दार ढकललं आणि जिना चढायला लागले. आम्ही सगळे खाली उभे. पहिल्या मजल्यावरून पावलं ऐकू आली, दुसऱ्यावरून, मग येईनाशी झाली. मुलगा घड्याळ बघत होता. काका काट्याचा आकडा फडक्यानं पुसत होते, पुन्हापुन्हा तोच आकडा.

बऱ्याच वेळानं ते खाली आले. घाम आलेला, डोक्यावरचा रुमाल, गुत्रा, मानेवर सरकलेला. पाइप सोडून काकांच्या हातात दिला. मुलाकडे बघितलं नाही. "यल्ला, चलो," म्हणाले आणि बॅग न उतरवता रस्त्यावर गेले, गाडीपर्यंत.

मॅनेजरसाहेबांनी शब्द पाळला. तीन आठवड्यांत काकांचा व्हिसा रद्द झाला. गयावया करायला ते गेले नाहीत, आणि बाबा जायला निघाले तर त्यांनाही अडवलं.

बाबा आणि मी त्यांना सोडायला विमानतळावर गेलो. तुम्ही तो देखावा पाहिला असेल. दोरीनं आवळलेली खोकी, झाकण बसावं म्हणून सुटकेसवर बसलेली माणसं, टीव्ही, चादरी, साबणाच्या वड्या. अकरा वर्षं आखातात काढून काका पाठीवर सात किलो घेऊन उभे होते. बाबा हळूच म्हणाले, "गावी लोक काय म्हणतील हो?"

"तो ढीग इथेच ठेवून चाललोय," काका म्हणाले. मग खिशातून तो आकड्याचा काटा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "हा तुला. दर सोमवारी पुस्तकं मोजायची."

अरबाबांचं काय झालं, हे त्यांना कळलं नव्हतं. एवढीच एक गोष्ट त्यांना टोचत होती. आत जाताना दारातून वळून म्हणाले, "म्हातारा चढला का, ते कळव रे."

बारा दिवसांनी दुपारी मेसची बेल वाजली. दारात अरबाब. दुकानात काका मिळाले नाहीत, म्हणून कोणाकडून तरी पत्ता काढून तीन मजले चढून आले होते. चपला बाहेर काढल्या, चटईवर बसले. काका गावी परतल्याचं त्यांनी ऐकून घेतलं. मग आईला म्हणाले, "लड्डू अच्छा था."

"शिकार मिली?" बाबांनी विचारलं.

"गोली मारा. पत्थर को लगा." ते हसले. "लेकिन दो रात ऊपर सोया. बैग मेरा, पीठ मेरा. किसी ने हाथ नहीं लगाया."

त्यांनी एक फोटो दिला. मागे बर्फाचा सुळका, पुढे ते, पाठीवर काकांनी बांधलेली बॅग. उसको भेजो, म्हणाले. मी तो रजिस्टर पोस्टानं पाठवला, संगमनेरच्या पुढच्या गावी. आत एक ओळ लिहिली: "म्हातारा चढला." पोच आली नाही. पुन्हा पत्र टाकलं, उत्तर नाही. काकांकडे फोन नव्हता. तीन वर्षं मी हेच धरून बसलो होतो की फोटो कुठेतरी हरवला, आणि काकांना कधी कळलंच नाही.

गेल्या शुक्रवारी फुजैराहून एक जण मेसमध्ये जेवायला आला. तिथल्या तेलाच्या टर्मिनलवर नवीन लागलेला, काकांचा पुतण्या. काका पावसाळ्याच्या आधी गेले, म्हणाला. तालुक्याच्या दवाखान्यात. घरच्यांनी त्यांना नेताना मोठी पिशवी भरली होती. कॉटवर बसल्याबसल्या त्यांनी ती ओतायला लावली, तीन ढीग केले, आणि दोन ढीग घरी परत पाठवले.

"मग उरलं काय?" आईनं विचारलं.

"एक शर्ट, तांब्या, चष्मा," तो म्हणाला. "आणि एक फोटो होता, कोणा अरबाचा. तो कोण हे घरात कोणालाच माहीत नाही. त्याची चारी बाजूंची पांढरी कडा तेवढी कात्रीनं कापलेली होती."