पाण्याचा विमा

आमच्या ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. गेल्या वर्षी स्वतःची घ्यायची ठरली, छोटी, पांढरी. बुकिंगला मला सोबत नेलं. अंधेरीचं ते शोरूम इतकं थंड की मी पदर ओढून बसले.

गाडी पसंत झाल्यावर विम्याची मुलगी आली. मोकळे केस, बोलणं साखरेसारखं. "बसा सर, पाणी घ्या सर." आजवर हेच लोकांना सर म्हणत आलेले. एकदम ताठ बसले, पोटही आत घेतलं. घरी मी बोलले तर मोबाइलमधून डोकं वर येत नाही. इथे तिचं वाक्य संपायच्या आत मान हलत होती.

"साध्या विम्यात पाणी शिरून इंजिन बिघडलं तर काही मिळत नाही सर. त्याचा वेगळा घ्यावा लागतो. राहता कुठे?"

"कुर्ल्याला, नाल्याच्या बाजूला."

"मग तर घ्याच. गुडघाभर पाणी झालं की वाट लागते."

"बरोबर बोललात मॅडम! पाण्याचं आपल्या डोक्यातच नव्हतं."

गाडीची गोष्ट निघाल्यापासून मी हेच सांगत होते. नाला चढतो, शेजारच्यांची रिक्षा बुडाली, काहीतरी सोय बघा. तेव्हा म्हणाले होते, "तू भात बघ गं, गाडीचं मी बघतो."

मग तिने किल्ली हरवण्याच्या विम्याचा विषय काढला. "जेन्ट्स लोक विसरतात ना सर!"

हे हसले. "टाका, तोही टाका."

ह्यांची किल्ली, चष्मा, पाकीट रोज मी शोधून हातात देते. मला राहवलं नाही. खाली बघूनच बोलले, "किल्ल्या मी सांभाळते. तो नको."

"अगं, मॅडमपेक्षा तुला जास्त कळतं?"

ती मुलगी म्हणाली, "काकी बरोबर बोलतायत सर. घरात सांभाळणारं कुणी असेल तर तो नसला तरी चालतो."

"असं म्हणता? मग काढून टाका."

माझंच म्हणणं, पण तिच्या तोंडून आलं तेव्हा पटलं. वर ती माझ्याकडे बघून गोड हसली, त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येईना. तेच जास्त झोंबलं.

परतताना रिक्षात म्हणाले, "पोरगी हुशार हां. पाण्याचं बरोबर हेरलं."

"पाण्याचं मी सांगितलं होतं."

"कधी?"

चिडवत नव्हते. खरंच आठवत नव्हतं त्यांना.

गल्लीशी उतरल्यावर ते नाल्याकडे बघत उभे राहिले. "गाडी लावायची कुठे गं? इथे, की वर शाळेजवळ?"

शाळेजवळचा रस्ता उंच आहे, तिथे पाणी चढत नाही. सांगायचं तर होतं. पण तोंडातून निघालं, "तिलाच फोन करून विचारा."