ओरडणाऱ्याचं भय

सळसळ, सळसळ, सळसळ. गेले तीन आठवडे आमच्या दोन खोल्यांत या ध्वनीचा मुक्काम आहे. कानाला तो गोड लागतो, डोळे मिटले तर एखाद्या राईत बसल्याचा भास होतो. पण पानं नव्हेत ती. भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या ज्या गोदामात माझी लेक प्रज्ञा पॅकिंगच्या शिफ्टला जाते, तिथल्या खोक्यांना बांधायच्या निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिक पट्ट्या उभ्या चिरून तिने आणि मैत्रिणींनी हे झुबके बनवले आहेत. गोदामागोदामांत क्रिकेटचे सामने आहेत आणि या पोरी तिथल्या चिअरलीडर! मी तो शब्द दोनदा विचारून घेतला आणि अर्थ कळल्यावर पोटभर हसलो. मग कळलं, की तीन थरांच्या मनोऱ्यावर सगळ्यांत हलकी म्हणून प्रज्ञाच चढणार आहे. तेव्हा हसू ओठांवरच वाळलं.

तुम्हांला म्हणून सांगतो, हा उद्योग काही नवा नव्हे. राजे लढायला निघत तेव्हा पुढे भाट असतच. त्यांच्या हाती तलवार नसे, पण घसा मात्र रणमर्दाचा! दुसऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारी माणसं आपल्याकडे कधी कमी होती? लग्नात नवरदेवाला घोड्यावर बसवून स्वतःच घामाघूम होणारे मित्र काय, निवडणुकीत उमेदवाराला आत्ताच मंत्री करून टाकणारे कार्यकर्ते काय, सगळे एकाच गोत्राचे. पूर्वी उत्तेजन देणारा खाली सुखरूप उभा राहून दुसऱ्याला वर चढवी. आताच्या पोरी स्वतःच वर चढतात आणि खेळाडू खाली उभे राहून सरबत पितात. याला प्रगती म्हणावं की आगाऊपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मीही एके काळी या विद्येतला मातब्बर होतो बरं! अंजूरच्या आमच्या कबड्डी संघात माझी निवड झाली ती खेळण्यासाठी नव्हेच. कप्तानाने पहिल्याच दिवशी फर्मावलं, "तू खेलू नको, तू फकस्त वरड." अंगावर गणवेश नाही, हातात झुबके नाहीत, गालात गुळाचा खडा आणि मैदानाच्या रेषेबाहेरची हातभर जागा, एवढंच माझं वैभव. चढाईला गेलेल्या गड्याला बापाच्या नावासकट हाक मारायची, असा आमचा रिवाज. बापाचं नाव कानी पडलं की पायांत बळ येतं, म्हणत. माझी हाक खाडीपलीकडे ऐकू जाते, असा लौकिक होता आणि तो मी मोठ्या अभिमानाने मिरवत असे.

एका अंतिम सामन्यात माझा जिवलग मधू चढाईला गेला. त्याच्या पाठीमागून एक जण सरकताना मला दिसला आणि मी जीव तोडून हाक मारली. मधूने माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण! तेवढ्यात त्याचा घोटा पकडला गेला, गुडघा उलटा वळला, आणि तेव्हा जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. मधू पुन्हा कधी खेळला नाही. आज तो अंजूर-भिवंडी रिक्षा चालवतो, उतरताना पाय थोडा ओढतो, आणि त्याने मला एका शब्दानेही कधी दोष दिलेला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मला माझ्याच घशाची भीती वाटते.

प्रज्ञाला हे सगळं ठाऊक आहे. म्हणून तिने बोलावतानाच अट घातली, "पप्पा, यायचं तर गप बसायचं. खालच्या पोरी माझ्या घोट्यावर थाप मारून गिनती देतात, माझं सगळं लक्ष पायाकडे असतं. तुम्ही हाक मारलीत तर मी बघणार, आणि बघितलं की तोल गेला." मी मान डोलावली. मान आपल्या ताब्यात असते. घसा कुणाच्या ताब्यात असतो?

रविवारी दुपारी मधूच्याच रिक्षातून निघालो. आरशात माझा चेहरा बघून तो म्हणाला, "तोंडात सुपारी धर नि गप ऱ्हा. आपली पोर हाय ती, न्हाय पडायची." मी सुपारी धरली. गोदामामागच्या मैदानातले ट्रक बाजूला सारून सामना चालला होता. दोन डावांच्या मधल्या सुट्टीत पोरी आल्या. खाली चौघी, त्यांच्या खांद्यांवर दोघी, आणि त्या दोघींवर पाऊल ठेवत माझी प्रज्ञा! हिला चालायला शिकवताना मी माझं बोट सोडवून घ्यायला तयार नव्हतो. आता तिच्या आणि जमिनीच्या मध्ये सहा पोरींचे खांदे तेवढे होते. शेजारी उभा असलेला यंत्रमागावरचा एक लूमवाला पुटपुटला, "अरे, लडकी गिरेगी क्या?" आणि खरोखरच मधल्या एकीचा गुडघा लटपटला, प्रज्ञाचं डावं पाऊल सरकलं. सुपारी कुठे पडली कोण जाणे. सगळं मैदान दणाणलं. मीच ओरडलो होतो, तिचं नाव घेऊन, आणि रिवाजाप्रमाणे बापाच्या नावासकट, म्हणजे माझ्याच नावासकट!

मी डोळे गच्च मिटले. पाहिलं नाही तर घडलं नाही, अशी भित्र्या माणसाची भाबडी समजूत असते. मिटल्या डोळ्यांआड मी तो जुना आवाज ऐकू येण्याची वाट पाहत राहिलो. आल्या त्या टाळ्या. डोळे उघडले तर पोरगी वरच होती, दोन्ही हात पसरून, नजर समोर. माझ्या हाकेने तिची पापणीही हलली नव्हती.

ती खाली उतरली तसा मी धावलो. "चुकलं गं पोरी, ओरडलो मी," असं काहीबाही बोलत होतो. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली, आणि मग तिने दोन्ही कानांतून सुताचे बोळे काढले. "तुम्ही गप बसाल असं मला वाटलंच नव्हतं," ती म्हणाली. मला रागही आला आणि रडूही. मी विचारलं, "मग बोलावलंस तरी कशाला?"

"मला भीती वाटत होती, पप्पा. खूप."

इतके दिवस मला वाटत होतं, की घरातलं सगळं भय माझ्या एकट्याच्या वाट्याला आलंय. तिने बोळे मुठीत धरले आणि कान पुढे केला. "आता सांगा, काय ओरडलात?" मी तोंड उघडलं, आणि अगदी हळू, जवळ उभ्या मधूलाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू, तिचं नाव घेतलं.