पिसाचा गळ

गळ कमलच्या उजव्या हाताच्या अंगठ्याखाली रुतला होता आणि त्याची दोरी माझ्या हातात होती. कमल म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती म्हणाली, "बाई, दोरी नोको ओढू. टोक आरपार काढ, काटा पक्कडीनं तोड." मी दोरीचे दोन वेढे मुठीला दिले, तिच्या गुडघ्याला पाय लावला — आणि मासा ओढतात तसं ओढलं.

ओलं धडूतं फाडल्यासारखा आवाज झाला. काट्याला तिचं मांस चिकटून आलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षांत कपाशी उभी वाळायची, निंदायला-वेचायला कुणी बोलवत नव्हतं. परतवाड्याच्या एका दुकानदारानं आम्हा दोघींना गळ बांधायला शिकवलं. कोंबड्याच्या मानेची लांब पिसं गळाच्या दांडीवर धाग्यानं आवळायची, म्हणजे पाण्यात ती मासोळीसारखी हलतात. धरणावर मासे धरायला येणारे शौकीन ते घेत. कमलचा गळ पाण्यात जिवंत व्हायचा. माझा — तो दुकानदारानं चार माणसांत उचलून धरला. "शेवंताबाई, हे मासे धराले हाय का कान कोराले?" सगळे हसले. मला फक्त कमलचं हसू दिसलं. पुढच्या बाजारापासून एकीलाच काम देतो, असंही तो म्हणाला.

बांधलेला गळ दोघींनी तपासायचा असे. एकीनं तो तळव्यावर ठेवून पिसं चिमटीत धरायची, दुसरीनं दोरी ओढायची. त्या दुपारी मी बांधलेली पिसं निसटली आणि गळ घसरून तिच्या हातात गेला — तिथवर अपघात होता. टोकाला उलटा काटा असतो, ओढला तर फाडूनच निघतो. हे मला माहीत नव्हतं का? दुकानदारानं पहिल्याच दिवशी तेच सांगितलं होतं.

घरी सांगितलं, घाबरून तिनंच हात हिसडला. कमल माझ्याकडं बघत राहिली. माझं खोटं उघडं पाडून तिचं कसं भागलं असतं? मी मोठी जाऊ, आणि आता घरात कमावता हात माझाच उरला होता.

जखम चिघळली. अंगठा आखडला तो आखडलाच. गळ मी बांधत राहिले — पुढं चांगले बांधू लागले.

दुकानदार गेला. आमचे दोघींचे नवरे गेले. कमल आहे, मी आहे. ती डाव्या हातानं जेवते.