दिनू सावंतचा बर्नर

घरात जुन्या वायरी कधी जमतात ते कुणालाच कळत नाही, पण खण मात्र भरतो. आमच्या भांडुपच्या कॅरम ग्रुपमधल्या किश्श्यांचंही तसंच. यंदाची सगळी भर एकट्या दिनू सावंतची!

दिनूच्या बाबांनी गणपतीपुढे घातलेलं गाऱ्हाणं एका सीडीवर होतं. बाबा गेल्यापासून आरतीनंतर तीच लागायची आणि आम्ही सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायचो. शेवटाकडे एका जागी सीडी उडी मारायची, ते चालायचं. यंदा मात्र मध्येमध्येच बंद पडायला लागली.

"पेनड्राइव्हवर घे ना यार!" मी म्हटलं.

"बाबांच्या प्लेअरात फक्त सीडी जाता!"

घरच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह कधीच मेलेला. सीडी लिहिणारा नवा ड्राइव्ह, म्हणजे बर्नर, घ्यायचं ठरलं.

*

दिनूनं बायकोला सांगितलं, "बर्नर आणतो गं."

वहिनी खूश! "दोन आणा. शेगडीचा डाव्या बाजूचा पण गेलाय!"

*

मग गावी आईला फोन. आईला ऐकू जरा कमीच.

"आये, बाबांची सीडी खराब झाली!"

"शिडी? होयतर! वरची पायरी तुझ्या बापाशीनच मोडल्यान!"

*

दुकानात आमच्या ग्रुपमधला जोशी रिव्ह्यू वाचून आलेला. "सगळ्यात फास्ट कुठला?"

दिनूनं त्याला मागे ओढलं. "हळू चालणारा दाखवा हो. आमचे बाबा घाईत बोलत नसत!"

*

सीडी बर्न करायला जोशी बसला. 'धक्का लागला तर वाट लागेल,' म्हणून दिनूनं कॅरम बंद केला, पंखा बंद केला, वहिनींचा मिक्सर बंद केला. आम्ही श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. तेवढ्यात जोशी खोकला. दिनूनं त्याला दंडाला धरून जिन्यात नेऊन उभा केला!

आत येऊन आमच्याकडे बघतो तर काय, आता कॉम्प्युटर चालवणार कोण?

*

गणपतीचा दिवस. आरती झाली, नवी सीडी लागली. बाबांचा खणखणीत आवाज घरभर! आमचं 'व्हय म्हाराजा' तर खालच्या रिक्षा स्टँडपर्यंत.

मग ती उडीची जागा आली. दिनूनं डोळे घट्ट मिटले, हात जोडले. सीडीनं उडी मारलीच नाही! इतकी वर्षं गिळलेलं वाक्य नव्या ड्राइव्हनं बरोबर वाचलं होतं.

"...आणि ह्या माझ्या दिनूक वायच अक्कल दी रे म्हाराजा!"

आम्ही सगळे दिनूकडे बघायला लागलो.

स्वयंपाकघरातून एकट्या वहिनींचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!!"