डोळे नसलेला सिंह

घानाच्या किनाऱ्यावर कोबिना एसिलफी हा गावोगावच्या पारंपरिक लढाऊ पथकांचे झेंडे शिवायचा. तरुणपणी त्यानं एका झेंड्यावर शेजारच्या पथकाची निशाणी असलेला बिबट्या दोरीनं बांधलेला दाखवला. मिरवणुकीत तो झेंडा नाचला, दंगल पेटली आणि कोबिनाचा मेहुणा एबो दगड लागून मेला. तेव्हापासून प्राण्याचे डोळे शिवायला घेतले की एबोच कापडातून बघायचा. कोबिनानं डोळे शिवणंच सोडलं.

यंदा सणाच्या झेंड्यावरचा सिंह बघून पथकप्रमुख भडकला. "म्हातारबा, आंधळा सिंह नाचवायचा का आम्ही?"

"द्या ती सुई इकडे," बायको एफुआ म्हणाली. "माझा भाऊ होता तो. बघू दे की त्यालाही सण." तिनं डोळे शिवले.

सिंह नाचत समोर आला, तेव्हा एफुआ हात हलवत होती. कोबिनाला मात्र मान वर करवली नाही.