तीनशे बारा प्रश्न आणि एक सुई

मास्तर तापट. आता टेलर म्हटला की थोडा तापट असायचाच. दिवसभर लोक येऊन पोट आत ओढून माप देतात आणि मग शर्ट घट्ट झाला म्हणून भांडतात, त्यात कोणाचं डोकं ठिकाणावर राहील? पण मास्तरांचं जरा जास्तच होतं. एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की कपाळावर आठी, तिसऱ्यांदा विचारली की संपलंच. "किती वेळा सांगायचं? एकदा सांगितलेलं डोक्यात शिरत नाही?" हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की गिऱ्हाइकं त्याची नक्कल करून हसायची.

दुकान जिन्याखालचं. आत दोन मशिनी, एक कापायचं टेबल, भिंतीला खडू लागलेल्या बोटांचे पांढरे ठसे. खिडकीजवळच्या मशीनवर मास्तर बसायचे. दुसरी मशीन भिंतीला लावलेली, तिच्यावर अस्तराच्या कापडाची खोळ. ती खोळ चार वर्षांत निघाली नव्हती.

आणि टेबलावर, कात्रीच्या शेजारी, मोबाइल. शिवणकामाच्या शंका विचारायची एक साइट आहे. कोणी विचारतं, कोणी सांगतं. आता लोक म्हणजे लोकच. आधी शोधून बघायचे कष्ट कोण घेतंय? तोच प्रश्न रोज नवा होऊन येतो. मग तिथे काही जाणती माणसं असतात; ती असा पुन्हा आलेला प्रश्न बंद करतात, वर पाटी लावतात, 'हा प्रश्न आधी विचारला गेला आहे', आणि खाली जुन्या मूळ प्रश्नाकडे जायची वाट देतात. मास्तर हे काम करायचे. इतक्या झपाट्याने करायचे, की साइटवर त्यांना सगळे 'कात्री' म्हणायचे. एका हाताने चहाचा कप, दुसऱ्या हाताने कचाकच प्रश्न बंद. तापट माणसाला याहून गोड काम कुठलं मिळणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं.

पण नीट बघितलं असतं तर कळलं असतं, की मास्तरांना सगळ्या प्रश्नांत रस नव्हता. कॉलर वळत नाही, चेन अडकते, त्याकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. ते टपून बसायचे एकाच प्रश्नावर: खाली दोऱ्याचा गुंता होतो. शिवायला शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी तो विचारतोच. विचारला रे विचारला की मास्तर तो बंद करायचे आणि विचारणाऱ्याला एका ठरावीक जुन्या प्रश्नाकडे पाठवायचे. असे तीनशे अकरा प्रश्न त्यांनी आजवर पाठवले होते. आकडा त्यांना पाठ होता.

तो जुना प्रश्न विचारणारीचं साइटवरचं नाव होतं 'प्रश्नपत्रिका'.

हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून तिचं हे काय, ते का, असंच का, तसं का नाही. "आली माझी प्रश्नपत्रिका," असं म्हणून ते आधी हसायचे. मग ती मोठी झाली, दुकानात शिकायला बसू लागली, आणि त्यांचं हसणं कमी होत गेलं. शिकवताना माणूस एकदा सांगतो, दोनदा सांगतो. ती तिसऱ्यांदा विचारायची. हळूहळू तिने विचारायचंच सोडलं. मास्तरांना वाटलं, चला, पोरगी शिकली.

एक दिवस ते कोणाचं तरी माप घ्यायला गेले आणि परत येऊन बघतात तर गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर दुसऱ्या मशीनवर पार खराब झालेलं. टाके सुटलेले, खाली दोऱ्याचा गोळा. गिऱ्हाईक दारात उभं होतं. त्याच्यादेखत मास्तर बोलले, "तुला आयुष्यात एक टाका सरळ घालता येणार नाही." ती अस्तर तसंच अडकलेलं सोडून मशीनवरून उठली. महिन्याभरात दुसऱ्या गावी एका गोदामात सामान बांधायच्या कामाला निघून गेली. मास्तरांनी रागाने त्या मशीनवर खोळ घातली. "परत येईल तेव्हा तीच नीट करेल," म्हणाले. फोन आईला यायचा; हे जवळ बसून शर्टाला बटणं लावत ऐकायचे, पण फोन मागायचे नाहीत. नवव्या महिन्यात गोदामातली मांडणी सामानासकट कोसळली. ती खाली होती.

तिची पिशवी घरी आली. त्यात मोबाइल होता. मोबाइलमध्ये ती साइट उघडीच होती आणि तिथे तिने विचारलेला एकमेव प्रश्न होता. तारीख कोटाच्या दिवसाची. त्याला एकही उत्तर आलेलं नव्हतं.

मास्तरांनी त्याच आठवड्यात, डोळ्यांना धड दिसत नसताना, स्वतःचं नाव नोंदवून उत्तर लिहिलं: वरचा दोरा काढून पुन्हा नीट ओवा, ताण तपासा. आयुष्यभर गिऱ्हाइकांना तोंडाने सांगत आले तेच. आणि मग त्यांच्या मनाने घेतलं, की हा प्रश्न साइटवरून कधी हलता कामा नये. मूळ प्रश्नाला कोणी हात लावत नाही. जितके जास्त प्रश्न त्याच्याकडे पाठवलेले, तितकं त्याचं आसन पक्कं. जगातल्या ज्याच्या ज्याच्या मशीनखाली गुंता होईल, त्याने आधी माझ्या पोरीच्या दारात यायचं. बापाला दुसरं काय करता येत होतं, सांगा ना.

तर त्या सकाळी एका बाईचा प्रश्न आला, तीनशे बारावा. मास्तरांनी बंद केला. तिने पुन्हा विचारला, त्यांनी पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा केल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सगळ्यांसमोर लिहिलं:

"कात्री, तुम्ही प्रश्न शेवटपर्यंत वाचता का? मी म्हणतेय, सुई बदलल्यापासून असं होतंय. तुम्ही मला दोरा ओवायला सांगताय. आणि ज्या मुलीच्या प्रश्नाकडे पाठवताय, तिनेही तेच लिहिलंय. तिलाही तुम्ही चुकीचंच उत्तर दिलंय. एकदा वाचा तरी."

मास्तर खवळले. माझ्या मुलीचा प्रश्न मला शिकवते! ताडकन बोट मारून त्यांनी तो उघडला.

"बाबांच्या दुकानातली मशीन आहे. ते माप घ्यायला बाहेर गेलेत. माझ्याकडून सुई मोडली म्हणून मी नवीन लावली, तेव्हापासून टाके सुटतायत आणि खाली गुंता होतोय. दोरा तीनदा काढून परत ओवला, बाबा ओवतात तसाच. ते यायच्या आत नीट करायचंय. त्यांना विचारता येणार नाही, ते म्हणतात किती वेळा सांगू. प्लीज कोणीतरी लवकर सांगा."

तीन वर्षं ते हे रोज वाचत होते. रोज त्यांचे डोळे एकाच ओळीवर जाऊन अडकायचे, 'त्यांना विचारता येणार नाही', आणि बाकी सगळं धूसर व्हायचं. सुई त्यांना कधी दिसलीच नव्हती. चाळीस वर्षं सुईवर पोट भरणारा माणूस! नवीन सुई, सुटणारे टाके. दुखणं सुईचं, हे बॉबिनवर दोरा भरता न येणाऱ्यालाही कळावं. आणि ती सांगत होती की दोरा तीनदा ओवला. तिला त्यांनी सांगितलं होतं, दोरा ओव.

म्हणजे तिथेही त्यांनी तेच केलं होतं. पहिली ओळ ऐकायची आणि म्हणायचं, कळलं, कळलं, हे आधी सांगितलंय.

दुपारी साइट चालवणाऱ्या शिवण-बाईंचा फोन आला. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातला. प्रश्नपत्रिका कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मास्तरांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मास्तर, तुम्ही बंद केलेले सगळे प्रश्न मी तपासले. तीनशे अकरा जणांचं दुखणं दोऱ्याचं आहे. ते तिथून हलवून दुसऱ्या प्रश्नाला जोडावे लागतील. सुईचं दुखणं फक्त या आजच्या बाईंचं. तेवढा एकच तिथे राहील."

"बाई, तो प्रश्न काढू नका."

"काढत कशाला? तो वेगळाच प्रश्न आहे, मास्तर. तो कधीच कोणासारखा नव्हता. फक्त तुमचं उत्तर तेवढं काढा. ते त्याचं नाही."

मास्तरांनी फोन ठेवला. मग त्यांनी आपलं उत्तर काढलं. प्रश्न पुन्हा चार वर्षांपूर्वी होता तिथे जाऊन बसला, 'उत्तराची वाट पाहणारे प्रश्न' या यादीत. योग्य उत्तर आता त्यांना येत होतं. त्यांनी दोनदा लिहायला घेतलं. दोनदा पुसून टाकलं. कुठल्या तोंडाने लिहायचं?

ते उठले आणि भिंतीशी जाऊन त्यांनी दुसऱ्या मशीनची खोळ काढली. खाली त्या कोटाच्या अस्तराचा तुकडा तसाच अडकलेला, रंग उडालेला. मास्तर गुडघ्यावर बसले, चष्मा वर केला. तिने लावलेली सुई जागेवर होती. वर जायला हवी होती त्यापेक्षा नखाच्या जाडीएवढी खाली राहिली होती. स्क्रू सैल करायचा, सुई वर सारायची, स्क्रू आवळायचा. त्यांनी स्क्रूला बोट लावलं आणि परत काढून घेतलं.

टेबलावर मोबाइल वाजला. यादीतला प्रश्न बघून कोणा नव्या माणसाने उत्तर दिलं होतं. बिचाऱ्याने तारीख पाहिली नसावी.

"ताई, घाबरू नका. सुई पूर्ण वर गेलेली नाही, बाकी काही नाही. सैल करून वर ढकला आणि घट्ट करा. दोन मिनिटांचं काम आहे, बाबा यायच्या आत होऊन जाईल."

मास्तरांच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला असणार, कारण वरच्या खोलीतून बायको धावत खाली आली. उघडी मशीन बघून ती जिन्यातच थबकली.

"अहो, काय झालं?"

"काही नाही गं. सुई वर गेली नव्हती तिची."

"एवढंच होतं?"

"एवढंच."