न आलेला आजार

राजूरच्या पुंजारामनं उभ्या आयुष्यात मोसंबीचं एक रोप लावलं नाही. जमीन चांगली, विहिरीला पाणी, आजूबाजूला सगळ्यांच्या बागा. पण फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर आपण कुठले असायला, असा याचा हिशेब. आजा आणि बाप, दोघंही आतड्याच्या कॅन्सरनं चाळिशीतच गेलेले. पुढचा नंबर आपलाच, हे यानं तरुणपणीच ठरवून टाकलं.

तेव्हा वाटूरच्या सगुणाचं स्थळ आलं होतं. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. तरी कारण न सांगता त्यानं नकार कळवला आणि मरणाची वाट बघत बसला. पुढं थोरला भाऊ साहेबरावही चाळिशीत तसाच गेला, पण याचं मरण काही येईना. चाळिशी गेली, पन्नाशी गेली, साठीही उलटली, आणि हा गडी आपला एकट्यापुरती भाकरी थापतोय. विक्षिप्त माणूस म्हणून गावानंही त्याचा नाद सोडला.

यंदा साहेबरावच्या पोराला, कल्याणला, शौचातून रक्त पडू लागलं. संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीनं आतड्यातल्या गाठी काढल्या, कॅन्सर व्हायच्या आतच. जनुकातला दोष बापाकडून आलाय, म्हणाल्या, आणि काकाचंही रक्त तपासायला घेतलं.

रिपोर्ट आला तेव्हा त्या पुंजारामला म्हणाल्या, "काका, तुमच्यात तो दोष नाही. बापाकडून लेकराला यायची शक्यता निम्मी असते. भावाला आला, तुम्हाला आलाच नाही."

खरं तर आनंद व्हायचा, पण पुंजारामला रडू कोसळलं. ज्याच्या भीतीनं घर रिकामं ठेवलं, ते त्याच्या अंगात कधी नव्हतंच.

परतीच्या एसटीत कल्याण म्हणाला, "काका, माझं लग्न जमू राह्यलंय ना, त्याला न्हाई म्हणून टाकतो. तुमच्यावाणी एकटाच राहीन."

"माझ्यावाणी?" पुंजाराम एवढ्या जोरात ओरडला की कंडक्टरनं वळून पाहिलं. "ताप आला तर पाणी द्यायला कोण हाय मला? सणाला पोळी कुणासाठी लाटू? बाईंनी सांगितलं न्हाई का, वर्षा-दोन वर्षाला दुर्बीण घालून बघायचं, गाठ दिसली की काढायची. तुझ्या बापाला ह्ये मिळालं न्हाई. तू जा, पोरीला सगळं खरं सांग. मंग न्हाई म्हणायचं तर तिला म्हणू दे."

मग पुंजारामचा आवाज खाली आला.

"म्या सगुणाला इचारलंच न्हवतं रे."